सव्वा महिन्याचे बाळ आणि एक न विचारलेला प्रश्न



आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. तो पार पडला की ती बाळाला घेऊन देवळात येते, आणि घरातले कुणीतरी बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला धर्मग्राम कार्यालयात येते. म्हणजे बाळाची आणि धर्मगुरूची पहिली भेट बहुधा बाळ सहा आठवड्यांचे असताना होते. आजच्या अभ्यासपाठाचा विषय या सहा आठवड्यांशी जोडलेला आहे. आईला एचआयव्हीची लागण असेल, तर बाळाला ती होऊ नये म्हणून काय करता येते आणि झालीच तर बाळाला कसे वाचवता येते, हे आपण समजून घेणार आहोत.

हा विषय रविवारच्या पत्रकात कशाला, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर आमच्या एका चुकीत आहे. ती आधी सांगतो. ही हकिगत पापनिवेदनातली नाही. संबंधित मातेच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे सारे तपशील वगळून ती येथे देत आहोत.

२०१६ साली आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. घरभेटीला गेलो असता सात महिन्यांची एक गरोदर सून घरात होती. सासूबाई चहा करायला आत गेल्या, तेवढ्या दोन मिनिटांत तिने हळू आवाजात सांगितले, "फादर, माझ्या रक्तात एचआयव्ही निघालाय. यांना ठाऊक आहे, बाकी कुणाला नाही." तिला सरकारी रुग्णालयातून गोळ्या सुरू झाल्या होत्या. आम्ही तिला धीर दिला, तिच्यासाठी प्रार्थना केली, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेलो. आपण आपले काम नीट केले, असेच आम्हाला वाटले.

बाळंतपण रुग्णालयात व्यवस्थित झाले. बाळाला द्यायच्या औषधाची बाटली घेऊन ती सव्वा महिन्यासाठी माहेरी गेली. माहेरचे घर माणसांनी भरलेले. मावशीने गोळ्या पाहिल्या. ताकदीच्या आहेत, असे तिने सांगितले. मावशी म्हणाली, "मग माझ्या सुनेलाही हव्यात, डबी दाखव बघू." त्या दिवसापासून डबी कपड्यांच्या पिशवीच्या तळाशी गेली. गोळ्या कधी घेतल्या, कधी चुकल्या, मग सुटल्याच. बाळाच्या बाटलीचेही तेच झाले. सहाव्या आठवड्यात बाळाची तपासणी होती, पण नेमका त्याच आठवड्यात बाप्तिस्मा ठरला. आम्ही बाळाला बाप्तिस्मा दिला. जेवणालाही गेलो. आईच्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही काहीच विचारले नाही. साडेपाच महिन्यांचे असताना बाळाला न्यूमोनिया झाला, तेव्हा झालेल्या तपासणीत त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले.

ते मूल उपचारांनी सावरले आणि आज शाळेत जाते, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याला रोज औषध घ्यावे लागते आणि ते टाळता आले असते.

१. विषाणू बाळापर्यंत कसा पोहोचतो?

आईपासून बाळाला लागण तीन वेळी होऊ शकते: गर्भात असताना, प्रसूतीच्या वेळी आणि अंगावरच्या दुधातून. नऊ महिने आईच्या पोटात राहूनही बहुतेक बाळे गर्भात लागणीपासून वाचतात, कारण वार बऱ्याच अंशी भिंतीचे काम करते. प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्ताशी व स्रावांशी संपर्क येतो, तेव्हा धोका वाढतो. पुढे दूध पाजण्याच्या काळात तो थोडा थोडा चालू राहतो.

काहीच उपचार केले नाहीत तर लागण असलेल्या मातांच्या शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. योग्य उपचार मिळाल्यास हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली येते. आईच्या गोळ्या आधीपासून नियमित चालू असतील आणि तिच्या रक्तातील विषाणू दबलेला असेल, तर ते एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होते. याचे कारण साधे आहे. आईच्या रक्तात विषाणू जितके कमी, तितके ते बाळापर्यंत पोहोचणे अवघड. म्हणून बाळाचे पहिले औषध म्हणजे आईने घेतलेली गोळी.

२. तीस वर्षांतील वाटचाल

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांच्या कामातून झाली. तेव्हा आणि त्यानंतरही काही वर्षे लागण झालेल्या गरोदर स्त्रीला देण्यासारखे वैद्यांकडे काही नव्हते.

१९९४ मध्ये अमेरिका व फ्रान्समधील एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. गरोदरपणात व प्रसूतीच्या वेळी आईला आणि नंतर सहा आठवडे बाळाला झिडोव्हुडिन हे औषध दिले, तर लागणीचे प्रमाण चार बाळांत एक होते ते बारा बाळांत एक इतके खाली आले. मात्र हा उपचार लांब आणि खर्चिक होता. १९९९ मध्ये युगांडातील कंपाला येथील अभ्यासाने गरीब देशांसाठी वाट काढली. प्रसूतिकळा सुरू होताच आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाला त्याच औषधाचा एक डोस, एवढ्यानेच लागण जवळजवळ निम्म्याने घटली. आपल्या देशानेही २००० नंतरच्या दशकात हाच मार्ग वापरला.

त्याला दोन मर्यादा होत्या. एकाच डोसमुळे विषाणू त्या औषधाला निर्ढावू शकतो आणि पुढचे उपचार अवघड होतात, ही एक. दुसरी मर्यादा आमच्या मते अधिक बोचरी होती. त्या डोसाने बाळाचा विचार केला, आईचा केला नाही. बाळ वाचले, तरी काही वर्षांत ते पोरके होण्याची शक्यता उरली. २०१४ पासून भारतात लागण असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला तीन औषधांचा उपचार आयुष्यभर देण्याचे धोरण देशभर आले. आता आई स्वतःसाठी औषध घेते आणि त्यातून बाळ सुरक्षित होते. ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

बाळालाही जन्मल्यानंतर शक्य तितक्या लवकर पातळ औषध सुरू करतात. ते किमान सहा आठवडे द्यायचे असते. आईचे उपचार उशिरा सुरू झाले असतील किंवा धोका अधिक असेल, तर डॉक्टर मुदत वाढवतात किंवा दोन औषधे देतात. क्यूबाने २०१५ मध्ये, थायलंडने २०१६ मध्ये आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारी लागण थांबवल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळवली. ही गोष्ट केवळ श्रीमंत देशांच्या आवाक्यातली आहे, असे म्हणायला आता जागा नाही.

३. दूध पाजावे की नाही?

या प्रश्नावर घरोघरी सर्वांत जास्त गोंधळ आहे. दुधातून लागण होते, मग वरचे दूध द्यावे, असे कुणालाही वाटेल. पण वरच्या दुधाला स्वच्छ पाणी, इंधन, भांडी उकळण्याची सोय आणि पैसा लागतो. बोट्स्वानात मातांना मोफत दूधभुकटी मिळत असे. २००६ च्या सुरुवातीला तेथे अतिवृष्टी झाली, पाणी दूषित झाले, जुलाबाची साथ आली आणि अंगावर न पिणारी बाळेच मोठ्या संख्येने दगावली. एका मृत्यूपासून वाचवताना बाळे दुसऱ्याच्या हाती गेली.

यातून जो धडा मिळाला तो असा. आई नियमित गोळ्या घेत असेल, तर पहिले सहा महिने तिने बाळाला केवळ अंगावरचे दूध द्यावे. त्यानंतर वरचे अन्न सुरू करून दूध पाजणे चालू ठेवता येते. 'केवळ' या शब्दाकडे आजीमंडळींनी कृपया लक्ष द्यावे. पहिल्या सहा महिन्यांत मध, घुटी, साखरपाणी किंवा गाईचे दूध नको. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे चालते. थोडे अंगावरचे आणि थोडे वरचे असे मिश्र पाजणे सर्वांत घातक. वरच्या पदार्थांनी बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होऊ शकते आणि विषाणूला आत शिरायला वाट मिळते. मायेने चाटवलेले बोट अशा बाळाला महाग पडू शकते. एखाद्या कुटुंबाने पूर्णपणे वरच्या दुधाचा निर्णय घेतला, तर तो डॉक्टरांशी बोलून घ्यावा आणि शेजाऱ्यांनी 'अंगावर का पाजत नाही' असे खोदून विचारू नये.

४. बाळाची तपासणी

एचआयव्हीची नेहमीची रक्तचाचणी विषाणू शोधत नाही. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे निरोगी बाळाची चाचणीही 'लागण आहे' असे दाखवू शकते.

केनियात नैरोबी येथे येशूसंघीय धर्मगुरू आणि डॉक्टर असलेल्या फादर अँजेलो द'अगोस्टिनो यांनी १९९२ मध्ये 'न्युम्बानी' हे बालगृह सुरू केले. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ घर. चाचणीत लागण दिसली म्हणून टाकून दिलेली बाळे तेथे आणली जात. कालांतराने त्यांतील अनेक बाळांची चाचणी आपोआप बदलली. त्यांना लागण कधी झालीच नव्हती. त्यांच्या अंगात होती ती केवळ आईची प्रतिपिंडे. अर्धवट ज्ञानाने बाळ टाकले जाऊ शकते, याहून कठोर धडा कोणता? पुढे ज्या मुलांना खरोखर लागण होती, त्यांना सरकारी शाळा घेईनात, तेव्हा या संस्थेने न्यायालयाची पायरी चढली आणि २००४ मध्ये मुलांना शाळेचे दार उघडून घेतले.

आज सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब एका कागदी कार्डावर घेतात, वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे विषाणूचाच शोध घेतला जातो. सहाव्या आठवड्यात काही निघाले नाही तरी तपासणी संपत नाही. सहाव्या व बाराव्या महिन्यात ती पुन्हा करतात आणि अखेरचा निर्णय दीड वर्षानंतर, दूध सुटल्यावर ठरतो. सहाव्या आठवड्यापासून बाळाला न्यूमोनियासारख्या आजारांपासून राखणारे आणखी एक स्वस्त औषधही सुरू करतात. आमच्या हकिगतीतील बाळाची हीच भेट चुकली होती.

५. लागण झालीच तर

बाळाची रोगप्रतिकारशक्ती कच्ची असते, त्यामुळे विषाणू तिच्यात फार वेगाने वाढतो. मोठ्या माणसाला आजारी पडायला कित्येक वर्षे लागतात. उपचार न मिळालेल्या बालकांपैकी निम्मी मात्र दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका अभ्यासातून दिसले, की बाळ आजारी पडण्याची वाट न पाहता पहिल्या तीन महिन्यांतच औषधे सुरू केली, तर मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात. म्हणून 'बाळ तर गुटगुटीत दिसते' हे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही.

औषधांची मात्र वेगळी अडचण होती. मोठ्यांसाठी एक गोळी आणि बाळासाठी कडूजहर पातळ औषध, तेही थंड जागी ठेवायचे, बाळ थुंकून टाकणार. बालकांसाठी चांगली औषधे इतक्या उशिरा का आली? कारण श्रीमंत देशांत लागण झालेली बाळे जन्माला येणे जवळजवळ थांबले होते. जेथे पैसा होता तेथे रुग्ण नव्हते आणि जेथे रुग्ण होते तेथे पैसा नव्हता. बाजार आपल्या नियमाने वागत होता, आणि त्या नियमात बाळाला जागा नव्हती.

याच प्रश्नावर २०१७ मध्ये व्हॅटिकनमध्ये कार्डिनल पीटर टर्कसन यांच्या पुढाकाराने औषध कंपन्या, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि चर्चच्या सेवासंस्था एका टेबलाभोवती बसल्या. पुढेही अशा बैठका झाल्या आणि कुणी काय, केव्हापर्यंत करायचे याची लेखी आश्वासने घेतली गेली. २०२० च्या अखेरीस डोलुटेग्रॅव्हिर या औषधाची पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची बालगोळी आली. चार आठवड्यांच्या बाळालाही ती देता येते. एका मुलाचा वर्षाचा खर्च ४८० डॉलरवरून ३६ डॉलरच्या खाली आला. ती बनवणाऱ्या पहिल्या दोन कंपन्यांपैकी एक आपल्या मुंबईची आहे, हेही नमूद करावेसे वाटते.

तरीही काम बाकी आहे. २०२३ मध्ये जगात सुमारे १ लाख २० हजार बालकांना नव्याने लागण झाली आणि सुमारे ७६ हजार बालके दगावली. लागण असलेल्या मोठ्यांपैकी ७७ टक्के उपचार घेत होते, मुलांपैकी फक्त ५७ टक्के. गोळी तयार आहे, पण ती बाळाच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही. या शेवटच्या टप्प्यात प्रयोगशाळा नसते. घर असते, शेजार असतो, धर्मग्राम असते.

६. कारण आणि दोष

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला एक भेद शिकवला होता, त्याचा अर्थ आम्हाला फार नंतर उमगला. कारण वेगळे आणि दोष वेगळा. बाळाला लागण कशामुळे झाली, हा कारणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले तर पुढचे बाळ वाचते. कुणामुळे झाली, कोण कसे वागले, हा दोषाचा प्रश्न. त्याचे उत्तर मिळून एकही बाळ वाचत नाही. उलट, तो प्रश्न विचारला जाईल या भीतीनेच डबी पिशवीच्या तळाशी जाते.

योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाची कथा आहे. त्याला पाहून शिष्यांना पहिला प्रश्न सुचतो तो दोषाचा: पाप याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभू तो प्रश्नच बाजूला सारतो आणि चिखल कालवून कामाला लागतो. बाळांच्या बाबतीत आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हे ज्याने त्याने तपासावे. आम्ही स्वतःला शिष्यांहून बरे समजत होतो, कारण आम्ही त्या मातेला दोष दिला नव्हता. पण आम्ही चिखलात हातही घातला नव्हता.

७. आपण काय करावे?

गरोदरपणाच्या सुरुवातीलाच एचआयव्हीची चाचणी करून घ्यावी. सरकारी केंद्रात ती मोफत होते. खासगी दवाखान्यात नाव घातले असेल तर तिच्याविषयी विचारून घ्यावे. पतीनेही चाचणी करावी. पत्नीची पहिली चाचणी निर्दोष असली तरी गरोदरपणात किंवा दूध पाजण्याच्या काळात नवी लागण झाली, तर बाळाचा धोका फार वाढतो. चाचणी संमतीनेच व्हावी. एचआयव्ही व एड्स विषयक २०१७ चा कायदा २०१८ पासून लागू आहे. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीविना उघड करणे आणि शाळा, नोकरी किंवा उपचार नाकारणे, या दोन्हींना त्याने मनाई केली आहे. माहिती हवी असल्यास १०९७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी मोफत आहे.

माहेरच्या आणि सासरच्या वडीलधाऱ्यांना एकच विनंती. बाळंतिणीच्या पिशवीत औषधाची डबी दिसली तर कसली म्हणून विचारू नका. वेळ झाली की पाण्याचा पेला तेवढा पुढे करा. सव्वा महिन्यात रुग्णालयाची तारीख आली तर बाळाला घराबाहेर नेण्यात काही वावगे नाही, हे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने मोठ्याने सांगावे. बाप्तिस्मा आठवडाभर पुढे गेला तर चालतो, हे आम्ही सांगतो. कार्यालयात कारणही विचारले जाणार नाही.

आता आमच्यापुरते. त्या मातेने नंतर आम्हाला एकदा म्हटले होते, "फादर, तुम्ही तेव्हा प्रार्थना केलीत, बरं वाटलं. पण गोळ्या कुठे ठेवू, हे कुणाला विचारावं ते कळत नव्हतं." किती लहान प्रश्न होता! एखाद्या सिस्टरच्या कपाटात, आमच्या कार्यालयाच्या टेबलाच्या खणात, कुठेही ती डबी राहू शकली असती. तेव्हापासून असे काही कुणी आम्हाला सांगितले, की प्रार्थनेच्या आधी आम्ही विचारतो, "औषध चालू आहे ना? ते ठेवतेस कुठे? पुढची तारीख कोणती? तुझ्याबरोबर कोण जाणार?" मग प्रार्थना करतो.

आपल्या देवळाच्या उजव्या बाजूचे दार रोज संध्याकाळी सातपर्यंत उघडे असते. कुणाला काही ठेवायचे असेल, विचारायचे असेल, तर यावे.

छोट्या ख्रिस्ती समूहांत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीतील बाळंतिणीला सव्वा महिन्यात रुग्णालयात जायचे असेल, तर तिला कोणकोणत्या अडचणी येतील? त्यांपैकी आपण कोणती दूर करू शकतो?

२. 'कारण' आणि 'दोष' यांत आपली गल्लत झाल्याचा एखादा प्रसंग आठवतो का? कुणाचेही नाव न घेता सांगा.

३. एखाद्याचे दुःख ऐकून आपण धीर दिला, पण व्यवहाराचा प्रश्न विचारायचा राहिला, असे कधी झाले? आज तो प्रश्न विचारता येईल का?

आपला,
प्रमुख धर्मगुरू